दोन लाखांची सायकल

सायकलची चेन पडायला प्रेक्षक लागतात. रिकाम्या रस्त्यावर, कोणी बघत नसताना, ती निमूट चालते. जिथे चढ सुरू होतो तिथे चहाची टपरी असते, टपरीवर चार माणसं बसलेली असतात, आणि आपण हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट चड्डी अशा सगळ्या सरंजामासह तिथे पोचतो. नेमकं तेव्हाच पायडल एकदम हलकं होतं, पाय भोवऱ्यासारखे गरगर फिरतात आणि सायकल मात्र जागच्या जागी डुलायला लागते. टपरीवरचं बोलणं थांबतं. पुढचा कार्यक्रम फुकट असतो, हे तिथल्या मंडळींना अनुभवाने माहीत असतं.

ग्रॅव्हल बाइक नावाचं प्रकरण गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही रुजलं आहे. हँडल शर्यतीच्या सायकलचं, खाली वळलेलं, टायर तिच्याहून जाड, साधारण 40 मिलिमीटरचे, ब्रेक डिस्कचे. डांबर संपलं की इतर सायकलवाले जिथून मागे वळतात, तिथून हिचं सुरू होतं. अमेरिकेत कान्सास राज्यातल्या एम्पोरिया गावातून दरवर्षी अशा सायकलींची 200 मैलांची शर्यत निघते. 2023 साली तिथल्या चिखलाने सुरुवातीच्या टप्प्यातच अनेकांचे डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, मोडून ठेवले होते. आपल्याला त्यासाठी शर्यत लागत नाही. पानशेतवरून वेल्ह्याकडे निघालं, किंवा बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याच्या कडेची वाट धरली, की मुरूम, खडी, चाकोऱ्या आणि ‘काम चालू आहे’ हा कधीचाच गंजलेला फलक, सगळं प्रवेश फी न भरता मिळतं.

अशाच एका मुरमाच्या चढावर आमच्यातल्या एकाची चेन पडली. मागून एक शाळकरी पोरगं आपल्या मापाला न बसणारी काळी सायकल नळीखालून पाय घालून चालवत आलं आणि थांबलं.

“काय झालं वो काका?”

“चेन पडली.”

“मग घाला की.”

काका चेन घालायला खाली बसले. पोराने सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि कोणत्याही सायकलवाल्याला न चुकणारा प्रश्न विचारला.

“कितीला पडली?”

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं नाही, असा आमच्या कंपूचा अलिखित नियम आहे. घरी एक आकडा, सोसायटीत दुसरा, रस्त्यावर तिसरा. पण मित्राचे हात काळे झाले होते, डोकं तापलं होतं. खरं निसटलं. “दोन लाख.”

पोरगं जरा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, “दोन लाखाची सायकल, अन् चेन पडती व्हय?”

मित्राने उत्तर दिलं नाही. पण प्रश्न बिनतोड आहे. त्या पोराच्या सायकलला पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील, दोन्ही एका रेषेत. चेन ढिली झाली की मागच्या चाकाचे नट सैल करायचे, चाक मागे ओढायचं, नट आवळायचे. मधोमध अर्धा इंच वरखाली हलली म्हणजे झालं. फारच झिजली तर दुकानदार कड्यांची एक जोडी काढून देतो. तरीही पडलीच, तर काडीने आधी फ्रीव्हीलवर बसवायची, पुढच्या दात्यांवर चढेल तेवढी चढवायची आणि पायडलला एक गिरकी द्यायची. (पूर्ण चेनकव्हर असलेल्या जुन्या लेडीज सायकली यातून वगळा. त्यांची चेन घालणं हा हाल करण्याचा एक सभ्य प्रकार होता.) आणि गंमत अशी, की त्या पोराच्या चेनची कडी आणि दोन लाखांच्या सायकलची कडी लांबीला सारखीच असते: पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच. हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेन काढली, ती कल्पना अजून दोघांनाही पुरते आहे. फरक रुंदीचा. मागे अकरा-बारा चक्रं दाटीवाटीने बसवायची, तर चेन अंगाने बारीक हवी.

आणि खरा फरक असा, की पोराची चेन जागा सोडत नाही म्हणून ती भली. आपल्या चेनने जागा सोडावी म्हणून आपण पैसे मोजतो. डिरेलरचं कामच चेन पाडण्याचं आहे. चालत्या चक्रावरून तिला ढकलायची आणि शेजारच्या चक्राने तिला झेलायची, यालाच आपण गिअर बदलला म्हणतो. पुढे दोन चक्रं असतील तर मोठ्या चक्राच्या आतल्या अंगाला बारीक पिना आणि उतार मुद्दाम ठेवलेले असतात, चेनला ये-जा सोपी व्हावी म्हणून. एवढी सगळी सोय करून दिल्यावर एखाद्या वेळी ती न विचारता गेली, तर तिच्यावर डोळे वटारण्यात काय अर्थ? टूर द फ्रान्सने तर डिरेलरला 1937 सालापर्यंत दारातच उभं केलं नव्हतं. शर्यतीचा जनक आँरी देग्रांज याच्या मते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. आमच्या कंपूचं सरासरी वय बघता, देग्रांजने आम्हाला आनंदाने परवानगी दिली असती.

मुरमावर चेन जास्त का पडते, ते सायकल उभी करून खाली वाकून बघितलं की कळतं. पायडल मारताना चेनचा वरचा पदर ताठ असतो, खालचा सैल. त्या सैल पदराचा ताण सांभाळायला मागे डिरेलरचा स्प्रिंगवाला पिंजरा असतो, त्यात दोन छोटी चाकं. खडबडीत रस्त्यावर मागचं चाक उडालं की पिंजरा पुढे झुलतो, खालचा पदर लोंबतो, त्याची लाट पुढच्या चक्रापर्यंत पोचते आणि एखादी कडी दात्यावर बसायच्या ऐवजी दात्याच्या शेंड्याला टेकते. त्या क्षणी आपण पायडल मारत असलो, की बाकीच्या कड्या तिच्या मागोमाग बाहेर.

यावर दोन चांगले इलाज निघाले, दोन्ही माउंटन बाइककडून आलेले. पहिला पुढच्या चक्राचा. चेनची एक कडी आतून अरुंद, दुसरी रुंद, अशी आळीपाळीने असते. मग चक्राचे दातेही एक जाड, एक बारीक असे का करू नयेत? स्रॅम कंपनीने 2012 मध्ये असं चक्र बाजारात आणलं आणि पुढचं डिरेलरच काढून टाकलं. दुसरा इलाज क्लचचा. पिंजऱ्याच्या सांध्यात घर्षण ठेवायचं, म्हणजे तो सहजासहजी पुढे झुलत नाही. शिमानो कंपनीने 2019 मध्ये खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हा संच काढला, त्याच्या मागच्या डिरेलरवर क्लचचा छोटा खटका आहे. मागचं चाक काढताना तो बंद करायचा, चाक बसवल्यावर चालू करायचा. पंक्चर काढून झाल्यावर, घाम पुसत, पंप गुंडाळत, ‘चला, उशीर झाला’ म्हणत माणसं निघतात, आणि खटका तसाच बंद राहतो. पुढच्या उतारावर चेन पडली की दोष सायकलला, कंपनीला, ग्रामपंचायतीला. पिंजरा बोटाने पुढे ढकलून बघावा. सुरसुर पुढे गेला तर खटका बंद आहे. हाताला चांगला विरोध जाणवला तर चालू आहे. चालू असूनही सुरसुर जात असेल, तर क्लच दमला आहे. बऱ्याच डिरेलरात तो आवळायची सोय असते.

बाकीच्या कारणांत फार रमण्यासारखं काही नाही. नवी चेन डब्यातून साधारण 116 कड्यांची येते आणि सायकलच्या मापाने कापावी लागते. न कापता बसवली तर ती लोंबणारच. पुढे दोन चक्रं असतील आणि चेन आतल्या बाजूला, फ्रेमवर पडत असेल, तर पुढच्या डिरेलरचा आतला मर्यादा-स्क्रू बघावा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये चेन आणि डिरेलरची आतली पट्टी यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. स्क्रू फिरवायचा तो पाव आटा. आपल्याकडे स्क्रूड्रायव्हर हातात आला की माणूस अर्ध्या आट्यावर थांबत नाही, हा राष्ट्रीय प्रश्न आहे.

आणि झीज. चेन ताणली जाते असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि प्रत्येक कडीत केसभर जागा होते. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. सोळांश इंच जास्त भरली, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, तर अकरा-बारा गिअरची चेन बदला. त्याकडे दुर्लक्ष केलं तर चेन आपल्याबरोबर कॅसेटही, म्हणजे मागच्या चक्रांचा संचही, घेऊन जाते आणि मग खरा खर्च कळतो. तेलाबद्दल लोकांची श्रद्धा वेगवेगळी. कोणी शिवणयंत्राचं तेल घालतं, कोणी मेण लावतं. माझं मत एवढंच, की तेल घालण्यापेक्षा ते वरून पुसून काढण्याला जास्त वेळ द्यावा. दिवाळीनंतरच्या धुळीत तेलकट चेन तासाभरात खलबत्ता होते.

आता ती पडली आहे असं धरू. पहिली गोष्ट, पायडल थांबवा. पाय हलके झाल्यावर माणूस घाबरून आणखी जोरात मारतो आणि चेन क्रँक (पायडलचा दांडा) आणि फ्रेमच्या मध्ये पाचर होऊन बसते. पुढे दोन चक्रं असली आणि चेन आत पडली असली, तर सायकल चालती असतानाच मोठ्या चक्राचा गिअर टाकून अलगद पायडल मारा. पुष्कळदा ती मुकाट्याने वर चढते. नाही चढली तर उतरा. सायकल उलटी करू नका. ती आपली परंपरा आहे हे मान्य, पण हँडलवरचा कॉम्प्युटर खडीवर घासतो आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये हवा शिरायची शक्यता असते. एका हाताने पिंजरा पुढे दाबा, चेन सैल होईल. दुसऱ्या हाताने ती चक्राच्या दात्यांवर खालून अडकवा, आणि क्रँक हाताने उलटा फिरवा. एकच चक्र असेल तर उठण्याआधी एकदा नीट बघा: जाड दात्यावर रुंद कडीच आली आहे ना? एक घर चुकलं असेल तर चेन दात्यांच्या वर तरंगताना दिसते. तशीच निघालात तर पुढच्या टपरीपर्यंतही पोचणार नाही. पाचर बसलेली चेन ओढू नका, कार्बन फ्रेमला तर मुळीच. मागचं चाक काढा, म्हणजे ताण जातो, आणि ती ज्या बाजूने शिरली त्याच बाजूने परत काढा.

चेन मोठमोठ्यांचीही पडते. 19 जुलै 2010 रोजी पायरेनीज पर्वतातल्या पोर द बालेसच्या चढावर टूर द फ्रान्समध्ये आघाडीवर असलेला, पिवळ्या जर्सीवाला अँडी श्लेक याची चेन पडली. त्याच वेळी अल्बेर्तो काँतादोर त्याला मागे टाकून गेला. त्या दिवशी श्लेकचे 39 सेकंद गेले. टूर संपली तेव्हा दोघांतलं अंतर 39 सेकंदच होतं. काँतादोरने त्याच संध्याकाळी माफी मागितली. पुढे 2012 मध्ये उत्तेजकाच्या प्रकरणात त्याचं ते विजेतेपद काढून घेतलं आणि श्लेकला दिलं. तोवर काँतादोरने थांबायला हवं होतं की नाही, यावर सायकलवाल्यांनी दोन वर्षं मनसोक्त भांडून घेतलं. आमच्याकडे हा वाद होत नाही. रविवारी सकाळी कोणाची चेन पडली की सगळे थांबतात. यात दिलदारी थोडी, दम लागलेला असतो तो जास्त. “अरे, सावकाश घाल, घाई नाही,” असं म्हणताना प्रत्येकाचा चेहरा उजळलेला असतो.

काळ्या हातांचं म्हणाल, तर नुसत्या साबणाने ते जात नाहीत आणि घरचा पांढरा टॉवेल त्यासाठी नसतो. आधी खोबरेल तेल चोळायचं, चिंधीने पुसायचं, मग साबण. चिंधी खिशातच ठेवावी.

नवी ग्रॅव्हल बाइक घेणाऱ्यांनी विचारलंच, तर पुढे एकच चक्र घ्या, मागे क्लचचं डिरेलर घ्या, आणि चेन मापाने कापली आहे का ते दुकानातच बघून घ्या. एका चक्रावर दोन चक्रांइतके जवळजवळचे गिअर मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे, पण मुरमावर तिला फारसा अर्थ नाही. आणि चढ झेपलाच नाही, तर उतरून ढकलायची सोय सगळ्याच सायकलींत असते, दोन लाखांच्या सायकलीतसुद्धा.