तळहातावरची मोडी

2000 सालच्या दिवाळीत कॅलिफोर्नियाचा भाचा आला आणि त्यानं माझ्या हातावर खिसावहीएवढी एक करडी वडी ठेवली. ''मामा, पाम आहे. तुझं सगळं आयुष्य यात मावेल.'' आयुष्यासाठी आत दोन एमबी जागा होती. आयुष्य मावलं आणि वर बरीच जागा उरली, हे मला तेव्हा जरा लागलं.

भाच्यानं या यंत्राची जन्मकथाही सांगितली. ते बनवणाऱ्या जेफ हॉकिन्सनं आधी नुसता लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता. तो शर्टाच्या खिशात घालून हा गृहस्थ महिनोन्‌महिने हिंडला. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि काडीनं त्यावर टिकटिक करून लिहिल्यासारखं करायचं. ''म्हणजे भातुकलीच की!'' आई म्हणाली. त्या भातुकलीतून 1996 साली खरं यंत्र बाजारात आलं. नाव ठेवलं 'पायलट'. त्यावर पायलट पेनवाल्यांनी हरकत घेतली आणि शेवटी नुसतं 'पाम' उरलं. कागद-पेनाला घरी बसवायला निघालेल्या यंत्राचं बारसं पेनवाल्यांनीच मोडलं, हे ऐकून अण्णांना फार बरं वाटलं.

यंत्राला आपलं अक्षर वाचता येतं, असं मी समजलो होतो. प्रत्यक्षात त्यानं आपली लिपी मलाच शिकायला लावली. तिचं नाव ग्राफिटी. बहुतेक अक्षरं काडी न उचलता, एका फटकाऱ्यात काढायची. 'ए' म्हणजे मधली आडवी काडी गाळलेला नुसता डोंगर. 'टी' म्हणजे उजवीकडे जाऊन खाली वळलेला रस्ता. अक्षरं डाव्या चौकटीत, आकडे उजव्या. सरावासाठी जिराफ नावाचा खेळ होता. वरून अक्षरं पडायची आणि ती जमिनीवर टेकायच्या आत आपण गिरवायची. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बिगरीत बसलो आणि रोज नापास होऊ लागलो. 'यू'ची 'व्ही'शी मारामारी तर महिनाभर चालली.

अण्णा मागे उभे राहून बघत होते. ''अरे, ही तर मोडी!'' ते एकदम म्हणाले. ''हात उचलायचा नाही, झरझर जायचं. आम्हाला शाळेत होती.'' ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत तशी चमक मी बऱ्याच दिवसांनी पाहिली. त्यांनी काडी मागून घेतली, बोरू धरावा तशी तिरपी धरली आणि मोडीच्या शिरस्त्याप्रमाणे आधी ऐटीत शिरोरेघ ओढली. आता ग्राफिटीत डावीकडून उजवीकडे ओढलेली रेघ म्हणजे कोरी जागा. यंत्र एक घर पुढे सरकलं. अण्णांनी पुन्हा रेघ ओढली. यंत्र पुन्हा सरकलं. ''याला साधी रेघ कळत नाही,'' अण्णांनी निकाल दिला आणि काडी माझ्या हातात परत ठेवली.

पत्ते भरणं हा निराळाच छळ. यंत्राला देवनागरी येत नव्हती, त्यामुळे सगळं गोत इंग्रजीत घालायचं. वहिनी 'व्ही'नं की 'डब्ल्यू'नं? आत्याला एक 'ए' की दोन? शाळेतला मित्र ज्ञानेश 'डी'खाली गेला आणि मी त्याला दोन आठवडे 'जी'खाली शोधत बसलो. रस्त्यात तो भेटला तेव्हा मी त्याला विचारणार होतो, ''अरे, तू असतोस कुठे?''

तरी वाराच्या बाबतीत यंत्र पक्कं. 2031 सालापर्यंत कुठल्याही तारखेचा वार विचारा, क्षणात हजर. पुढच्या महिन्यातली संकष्टी मात्र त्याच्या गावीही नव्हती. मी हुशारी केली. डिसेंबरातली एक संकष्टी घालून दर एकोणतीस दिवसांनी गजर लावून दिला. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो, हे अर्धकं मी धरलंच नव्हतं. एप्रिलपर्यंत गजर दोन दिवस आधी वाजू लागला. आईच्या हातात भाकरी आणि माझ्या खिशातून 'उपास, उपास'. ''त्याला म्हणावं, आधी गच्चीत जाऊन चंद्र बघून ये,'' आई म्हणाली आणि भाकरी मोडली.

पण सुख दिलंच नाही असं कसं म्हणू? एकदा सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, डोंबिवलीच्या गर्दीत, समोरच्या माणसाच्या हातात तसंच यंत्र दिसलं. त्यानं माझं पाहिलं. नावगाव न विचारता दोघांनी यंत्रांची डोकी समोरासमोर धरली. इन्फ्रारेडनं त्याचं कार्ड माझ्याकडे आलं, माझं त्याच्याकडे गेलं. मध्ये एका काकांची पिशवी होती. आपल्या पोटावरून काय गेलं ते त्यांना कळेना. घाटकोपरपर्यंत ते पोट चाचपत होते. आम्ही दोघं मात्र मुंजीतल्या बटूंसारखे लाजत हसत होतो.

पुढे एका रविवारी मॅच ऐन रंगात असताना टीव्हीचा रिमोट बसला. मुलाला बारीक पेन्सिल सेल हवे होते, माझ्या यंत्रात दोन होते. सेल बदलायला हे यंत्र जेमतेम मिनिटभराची सवड देतं, तेवढ्यापुरतीच त्याला आठवण असते. मॅच तीन तास चालली. संध्याकाळी सेल परत घातले, तर यंत्रानं मला ओळखच दाखवली नाही. आपली पहिलीच भेट असल्यासारखं ते अदबीनं म्हणालं, या खुणेवर काडी टेकवा. सेल नसताना ते तीन तास हॉकिन्सचा ठोकळाच होतं.

हॉट-सिंक करून मजकूर कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय होती, पण मी ते शेवटचं केलं होतं चार महिन्यांपूर्वी. त्यामुळे चार महिन्यांपूर्वीचा मी परत आलो. मंगळवारी गजर झाला: दाढ दाखवायची आहे. ती दाढ काढूनही तीन महिने झाले होते. गेलेले नंबर 'कालनिर्णय'च्या पानांवर आईनं पेन्सिलीनं टिपून ठेवले होते, ते मी मुकाट्यानं उतरवून घेतले. लोकलमधल्या त्या सोबत्याचं कार्ड मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

आता ते यंत्र कपाटात आहे. त्याचं सगळं काम फोन करतो, आणि फोनला ज्ञानेश देवनागरीतही सापडतो. हाताची खोड तेवढी गेली नाही. अण्णा शेवटपर्यंत मोडीत सही करायचे आणि बँकेतला कारकून दर वेळी ती उलटसुलट करून बघायचा. परवा कालनिर्णयवर मी सिलिंडरची तारीख टिपली. सून बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत उभी राहिली.

''बाबा, जी, मग डोंगर, मग एस. हे काय आहे?''

''मोडी,'' मी म्हटलं.