ऐंशी टक्क्यांचे गुरुजी

लग्नाला गेलेला माणूस मांडवात आधी यजमान शोधतो. गुरुजी आधी प्लग शोधतात. प्लग सापडला की मग वधूवरांची चौकशी.

जुन्नर-आंबेगावात असे गुरुजी गावोगाव भेटतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पोरगा हिंजवडीला. पोराला नवा लॅपटॉप मिळाला, की जुना नारायणगावला नाहीतर घोडेगावला येतो आणि त्याच्यासोबत एक वाक्य येतं, "नाना, बॅटरी जपून वापरा बरं का." पोरगा हे सहज बोलून जातो. पण ज्या माणसानं अख्खी नोकरी खडूचे तुकडे डबीत साठवून काढली, त्याला असं काही सांगायचं नसतं.

गुरुजींनी बॅटरी जपण्याचा पहिला उपाय केला तो असा, की ती वापरायचीच नाही. लॅपटॉप टीव्हीशेजारी, अंगावर विणलेला रुमाल, चार्जर चोवीस तास लावलेला, आकडा कायम शंभर. वीज गेली रे गेली की गुरुजी सातबारा अर्ध्यावर सोडून लॅपटॉप बंद करायचे. "उगा बॅटरी जळायला नको." बॅटरी वीज गेल्यावर चालण्यासाठीच असते, असं त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, एकदा सुचवून पाहिलं. त्यावर गुरुजींनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तालुक्यातल्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे.

मग पोरानं फोनवरून एक आज्ञा शिकवली. ती टाइप केली की विंडोज बॅटरीचा सगळा अहवाल काढून देतं: कारखान्यातून निघाली तेव्हा किती मावत होतं आणि आज काठोकाठ भरली तर किती मावतं. गुरुजींनी जुना कोरा हजेरीपट काढला. दर शनिवारी सकाळी नोंद. पटावर ४८ हजार मिलिवॉट-तास, हजर २९ हजार. महिन्याभरानं हजर आणखी कमी. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "बाकीची गेली कुठं?"

गेली कुठंच नव्हती, आतच अडकली होती. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. त्या येण्याजाण्यात ग्रेफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि थोडं लिथियम त्यातच कायमचं गुंतून पडतं. बॅटरी नुसती पडून असली तरी हे थांबत नाही. ती काठोकाठ भरलेली आणि गरम असेल, तर उलट वेग वाढतो. म्हणजे पत्र्याच्या खोलीत, एप्रिल महिन्यात, रुमाल पांघरून शंभर टक्क्यांवर ठेवणं, याच्याइतका बॅटरी मारण्याचा हमखास मार्ग दुसरा नसावा. गुरुजी तो मनोभावे पाळत होते.

हे त्यांना सांगितलं एसटी स्टँडाजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं, म्हणजे त्यांच्याच विद्यार्थ्यानं. "गुरुजी, शंभर करूच नका. ऐंशीला काढा, वीसच्या खाली उतरू देऊ नका."

"ऐंशीवर समाधान मानायला मी तुला शिकवलं होतं का रे?"

"नाही गुरुजी. मला पस्तीसच पडायचे. पण अजून चालतोय की."

विद्यार्थ्याचं ऐकायचं तर वरून कुणीतरी शिक्का मारायला हवा. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला मिळते, तिथे गुरुजी गेले. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संदेश टिपणारं ठिकाण. रेडिओलहरींचा गोंधळ नको म्हणून तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात. गुरुजींना एवढी एकच गोष्ट मनापासून पटली. "बघा, शास्त्रज्ञसुद्धा बॅटरी वाचवतात." एक तरुण संशोधक पल्सार समजावून सांगत होता. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला हात गुरुजींचा: "ऐंशीला काढावं का?" बिचाऱ्यानं क्षणभर आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काढा काका."

त्यानंच बोलता बोलता २०१९ च्या नोबेलचा विषय काढला. या बॅटरीसाठी तिघांना ते मिळालं आणि त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. पुढे २०२३ मध्ये, शंभरी ओलांडून गेले. गुरुजींनी घरी येऊन निकाल दिला. "करणारा शंभरावर टिकला. बॅटरीला मात्र ऐंशी! स्वतःचं गुपित कुणी देत नाही."

पण पाळायचं ठरलं म्हणजे ठरलं. ऐंशीला आपोआप थांबण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, हे दुरुस्तीवाल्यानं दाखवलंही. गुरुजींनी ती नाकारली. वर्ग मॉनिटरच्या भरवशावर सोडून ते कधी चहाला गेले नव्हते. त्यामुळे हल्ली लॅपटॉप लग्नकार्यातही सोबत असतो; मांडवात प्लग नसला तर ओतूरच्या साखरपुड्यातून ते पहिल्या पंगतीआधी उठतात, मंचरला लेकीकडे मुक्काम करत नाहीत, आणि रात्री गजर लावून झोपतात. बाई म्हणतात, पोरगा तान्हा होता तेव्हा हे माणूस एकदाही उठलं नव्हतं.

परवा शेतीपंपाला रात्रीची वीज होती. शेजारचा गडी पाणी धरायला निघाला, तर उसात काहीतरी सळसळलं. या भागात त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. हातातला दिवा नेमका तेव्हाच विझला. समोर गुरुजींच्या खिडकीत उजेड दिसला, तसा तो धावत येऊन दारावर थापा मारू लागला. "गुरुजी! बिबट्या! बॅटरी हाय का, बॅटरी?"

आतून शांत आवाज आला, "एकोणऐंशी. दोन मिनिटं थांब."