एक डबी, एक मत

‘कोइसुरु फॉर्च्युन कुकी’ हे एकेबी४८ या जपानी मुलींच्या गटाचे ३२ वे सिंगल. ते २१ ऑगस्ट २०१३ रोजी बाजारात आले. फॉर्च्युन कुकी म्हणजे पोटात भविष्याची चिठ्ठी असलेले बिस्किट. आपल्याकडे हे काम पोपटाकडे असल्यामुळे बिस्किट चहात बुडवायला मोकळे राहते.

एकेबी ही अक्षरे टोकियोतल्या अकिहाबारा भागाची. यासुशी आकिमोतो यांनी डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या अडीचशे जागांच्या नाट्यगृहात हा गट उभा केला. गावाचे नाव गाण्याला लावण्याची रीत ग्वाल्हेरच्या लष्करवासीयांना समजावून सांगायला नको. पुढे साकाए, नाम्बा, हाकाता अशा शाखा निघाल्या, हेही घराण्याला धरूनच. फरक निराळाच आहे. लष्करात १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले, परीक्षा आल्या. तरी सत्तरीतला शागीर्द ‘अजून शिकतोच आहे’ असे म्हणून कानाची पाळी धरतो. एकेबी४८ मधली मुलगी ऐन उमेदीत ‘पदवीधर’ होते आणि गट सोडते. पदवी कसली, हे विचारायचे नसते.

पुढे कोणी उभे राहायचे, हा प्रश्न ग्वाल्हेर गायकीत उद्भवत नाही: गुरू पुढे, शिष्य मागे तंबोऱ्यावर. श्रोत्याचा अधिकार ‘वा!’पुरता. ‘फॉर्च्युन कुकी’ची नायिका मात्र श्रोत्यांनी मतदानाने निवडली. मतपत्रिका ‘सायोनारा क्रॉल’ या आधीच्या सिंगलच्या सीडीत होती. एक माणूस एक मत, असा नियम नव्हता. एक डबी एक मत, असा होता. लोकांनी खोकीच्या खोकी उचलली. आपल्याकडे मतासाठी उमेदवार पैसे वाटतो. तिथे मतदार स्वतःच्या खिशातून भरतो, आणि तरीही निवडणूक सुरळीत पार पडते.

८ जून २०१३ रोजी योकोहामाच्या स्टेडियममध्ये निकाल लागला. १,५०,५७० मते घेऊन रिनो साशिहारा पहिली आली. एका साप्ताहिकातल्या बोभाट्यानंतर आदल्याच वर्षी तिची टोकियोहून हाकाता शाखेत बदली झाली होती. बदलीवर गेलेला माणूस डोक्यावर येऊन बसतो, हा अनुभव केवळ मध्य प्रदेश शासनाचा नाही.

गाण्याची चाल सत्तरच्या दशकातल्या डिस्को वळणाची, सोपी आणि संथ. नृत्य पापाया सुझुकी यांचे. त्यातली मुख्य मुद्रा तांदळाचा गोळा वळल्यासारखी, म्हणजे लष्करातल्या कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात दिवाळीच्या आधी लाडवांवर होते तीच. ती कोणालाही जमते, म्हणून कंपन्या, कचेऱ्या सगळेच नाचले. कानागावा प्रांताच्या कर्मचाऱ्यांबरोबर खुद्द गव्हर्नर नाचले. सरकारी कचेरीत एवढे हात एकाच वेळी हलल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

इंडोनेशियन अवतार त्याच वर्षी निघाला, थाई २०१७ मध्ये. साशिहारा २०१९ मध्ये पदवीधर झाली. मतदान २०१८ नंतर झालेले नाही.