संयम जवसाच्या तेलाचा

चित्रकाराच्या घरी पाहुणे आले की त्यांची तीन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ईझलकडे बघून: "बाप रे, केवढा पेशन्स लागत असेल हो याला!" दुसरं, मोबाइल पुढे करत: "आमचा चिंटूपण छान काढतो हं." आणि तिसरं, स्वयंपाकघरात, आवाज उतरवून, बायकोला: "बाकी काय करतात हे?" दुसऱ्या आणि तिसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्याला आहे.

पेशन्स माझ्यात अजिबात नाही. कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा मी ताट घेऊन बसलेला असतो. चित्राला संयम लागतो हे खरं, पण तो नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. तैलचित्रात तो जवसाच्या तेलाचा असतो. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन सावकाश घेत घेत घट्ट होतं. वरून हाताला कोरडं लागलं तरी आत त्याचं काम महिनोन्महिने चालू असतं. म्हणून वार्निश लावायला निदान सहा महिने थांबावं, अशी जुनी रीत आहे. त्यातही प्रत्येक रंगाचा स्वभाव निराळा. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो एक-दोन दिवसांत सुकून मोकळा होतो. कॅडमियम लाल आणि आयव्हरी ब्लॅक यांना कसलीच घाई नसते. आठवड्यानंतरही बोट लावावं तर बोटाला येतात. बरं, थर देताना खाली पातळ आणि वर तेलकट हा क्रम पाळायचा. उलटं केलं की वरचा थर आधी सुकून बसतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. म्हणजे थांबणं हा माझा सद्गुण नाही, रसायनशास्त्र आहे.

हे सगळं मी एका गृहस्थांना भर जुलैत, डोंबिवलीत, समजावून सांगत होतो. त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता आणि हॉलसाठी त्यांना सात धावते पांढरे घोडे हवे होते. हल्ली मध्यमवर्गाच्या भिंतीवर दुसरा प्राणी फारसा टिकत नाही. घोडे घरात येताना दिसले पाहिजेत. दाराकडे तोंड केलं तर लक्ष्मी त्यांच्याबरोबर निघून जाते, असं त्यांच्या वास्तुवाल्याने सांगितलं होतं. गृहप्रवेशाचा मुहूर्त तोंडावर आलेला. मी म्हटलं, "अ‍ॅक्रिलिकमध्ये करतो. अर्ध्या तासात वाळतं."

"छे छे, ओरिजिनल ऑइलच पाहिजे."

"पावसाळा आहे. वेळ लागेल."

"उन्हात ठेवा ना."

डोंबिवलीतलं जुलैचं ऊन कुठे मिळतं, हे विचारायचं मी टाळलं. त्याऐवजी मोठा दाखला दिला. फ्लॉरेन्सच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्यासाठी लिओनार्दोने त्याच्या बायकोचं चित्र काढायला घेतलं, वर्षानुवर्षं त्यावर हात फिरवत राहिला आणि शेवटी ते बरोबर घेऊन फ्रान्सला निघून गेला. व्यापाऱ्याला चित्र मिळालंच नाही. तीच मोनालिसा. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या माणसाचा अ‍ॅडव्हान्स परत केला का त्यांनी?"

चित्र निम्म्यावर आलं तेव्हा त्यांच्या आईने भिंत बदलली. नव्या भिंतीवर घोडे नेमके दाराबाहेर पळताना दिसणार होते. "उलटं टांगलं तर?" त्यांनी सुचवून पाहिलं. उलटं टांगल्यावर घोड्यांचे पाय वर होतील, हे मी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा कुठे भिंत मूळपदावर आली. घोडे ओलेच गेले. टायटॅनियम व्हाइटने मुहूर्ताची पर्वा केली नाही आणि त्यांतल्या एकाची शेपूट गृहप्रवेशाला आलेल्या आत्याबाईंच्या पदराला लागली. लक्ष्मीच पदरात आली, असं त्यांनी जाहीर केलं, म्हणून माझे उरलेले पैसे मिळाले.

"मग जलरंग का नाही करत? पटकन होतात," असंही लोक सुचवतात. होतात खरे. पण जलरंगात पांढरा हा कागदाचाच. जिथे उजेड हवा तिथे ब्रश लावायचाच नाही; एकदा तो पांढरा गेला की गेला. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली ती प्रसिद्ध दिवेवाली बाई जलरंगातच रंगवली आहे. हातातल्या समईचा उजेड बोटांतून झिरपताना दिसतो. बरेच जण ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, जलरंगाचं आहे यावर तर कुणाचाच विश्वास बसत नाही. पण मला विचाराल तर त्यातला खरा पेशन्स त्यांच्या मुलीचा. वडिलांसाठी ती दिवा धरून एका जागी तीन तास उभी राहिली होती. माझ्या घरी मी मुलीला एकदा तसं उभं राहायला सांगितलं, तर तिने ताशी दर विचारला.

घरच्यांचा संयमही हिशेबात धरायला हवा. कामाला लागायचं म्हटलं की आधी ट्यूब उघडायची असते. झाकणाच्या आट्यांत रंग वाळून ते असं बसतं की पक्कड लागते. पक्कड सापडत नाही, कारण गेल्या वेळी तीच मी रंगवून ठेवलेली असते. मग झाकण गरम पाण्यात धरायचं, ते पाणी चहाच्या पातेल्यातलं असतं, आणि तिथून पुढचा संवाद छापण्यासारखा नसतो. उलट बाजूनेही अन्याय होतो. माझा चांगला सपाट ब्रश एकदा हरवला आणि रविवारी इडलीपात्राला तेल लावताना सापडला. "इतकं सारखं तेल लागतं याने!" ही दाद त्या ब्रशला माझ्या हातात कधी मिळाली नव्हती.

सगळ्यात मोठी परीक्षा जहांगीरची. मुंबईत 1952 साली सुरू झालेल्या या आर्ट गॅलरीत आपलं प्रदर्शन व्हावं असं प्रत्येकालाच वाटतं, आणि प्रत्येकालाच वाटत असल्यामुळे रांग कित्येक वर्षांची. अर्ज करताना चित्रकार निसर्गचित्रं काढत असतो. तारीख हातात येईपर्यंत तो अमूर्त होऊन, परत माणसांत येऊन, सात घोड्यांपाशी पोचलेला असतो. केसही पांढरे झालेले असतात, त्यामुळे कॅटलॉगमधला फोटो मात्र भारदस्त येतो.

फ्रेमवाल्याबद्दल लिहिणार होतो. पण तो "गुरुवारी देतो" म्हणाला आहे आणि कुठला गुरुवार ते अजून ठरायचं आहे.

तेव्हा ज्यांना येत्या दिवाळीला हॉलमध्ये तैलचित्र हवं असेल त्यांनी गुढीपाडव्यालाच सांगून ठेवावं. वार्निशसकट, वाळलेलं मिळेल. अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही. आणि कोणती भिंत, ते आधी आईला विचारून या.