अमरावती-अकोला, व्हाया सोळा व्होल्ट

मामांसोबत अमरावतीहून अकोल्याला निघालं की आधी रस्त्याचं कौतुक ऐकावं लागतं. जून 2022 मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग 53 वर सलग 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर पडलं आणि गिनीज बुकात गेलं. आधीचा विक्रम कतारचा. ‘‘कतारले हरवलं आपन,’’ असं मामा म्हणतात तेव्हा रोलर त्यांनीच फिरवला असावा असं वाटतं.

लोणीच्या अलीकडे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पाठोपाठ सडक्या अंड्यांचा वास. सकाळी अमरावतीत दोघांनीही गिला वडा हाणला होता, त्यामुळे काही वेळ आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहिलं. वास बॉनेटमधून येत होता.

‘‘बॅटरी गेली,’’ मामांनी निकाल दिला. वऱ्हाडात गाडीचं काहीही बिघडो, जाते ती बॅटरीच.

धाब्याजवळ ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा एक जण भेटला. माझ्या बोटभर स्कॅनरने मोबाइलवर कोड दाखवला, पी 0563 : व्होल्टेज जास्त. जमलेल्यांना ते पटेना. ‘‘आमच्या पंपाले व्होल्टेज भेटत नाही अन् तुमच्या गाडीले जास्त झालं?’’

एकाने तोडगा काढला, ‘‘गाडी चालू ठेवा अन् बॅटरीची वायर काढून पाहा.’’

‘‘हात लावू नको बे!’’ वायरमन ओरडला. ते बरोबरच होतं. चालत्या गाडीत बॅटरी सुटली तर अल्टरनेटरचा दाब क्षणात पन्नास-साठ व्होल्टवरही उसळतो आणि पहिला बळी जातो ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, बिचाऱ्या तक्रारदाराचाच. त्याने मीटरच्या काड्या थेट बॅटरीच्या टोकांना लावल्या. गाडी चालू असताना साधारण चौदा दिसायला हवेत, दिसले 16.4. मोबाइलवरही तेवढेच. ‘‘कॉम्प्युटर खरं बोलून रायला भाऊ. अल्टरनेटरचं रेग्युलेटर गेलं. आता हेडलाइट, एसी, वायपर, जे असन थे सारं चालू ठेवा. जास्तीचं थोडं तरी खातीन.’’

मग मे महिन्याच्या भर उन्हात, हेडलाइट लावून, कोरड्या काचेवर वायपर करकरवत आणि मागच्या काचेचं हीटर पेटवून आम्ही मूर्तिजापूर गाठलं. समोरचे ट्रकवाले डिपर मारत होते. मामा प्रत्येकाला नमस्कार करत होते.

मूर्तिजापूरच्या मिस्त्रीने हा थाट पाहून कपाळाला हात लावला. बॅटरी हाताला चटका देत होती. त्याने अल्टरनेटरचा प्लगच उपसला. ‘‘आता चार्जिंग बंद. बॅटरीवर अकोला येते. पन एसी नाही, पंखा नाही, टेपबी नाही.’’

‘‘अबे, मंघाशी तं सारं लावा म्हने!’’ मामा कळवळले. दोन्ही वैद्य खरे होते, पथ्यं तेवढी उलटी. खिडक्या उघडून, भट्टीचा वारा खात बोरगाव मंजू गेलं. कतारचं नाव कोणी काढलं नाही.

अकोल्यात नवं रेग्युलेटर बसलं. मीटर 14.2 वर थांबला, कोड पुसला, दिवा विझला. मामांनी बिल हातात घेतलं.

‘‘रेग्युलेटरचे समजले. हे वरचे दोनशे कायचे?’’

‘‘मजुरी, काका. व्होल्टेज उतरवलं ना.’’

‘‘उतरवाचे पैसे?’’ मामा थक्क झाले. ‘‘आमच्या गावात तं थे रोज संध्याकाळी फुकटात उतरते!’’