मिलानच्या रॅम्पवर कसे चढावे : होतकरू कोल्हापूरकरांसाठी

उमेदवाराने सर्वप्रथम माणूस म्हणून जाण्याचा हट्ट सोडावा. माणसाची हाडे दिसावी लागतात, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली हाडे सहसा दिसत नाहीत. खासबागेच्या कुस्ती मैदानात १९१२ पासून ज्या मांड्या पाहून फेटे उडाले, त्या मिलानच्या विजारीत शिरायच्या नाहीत. शिरल्याच तर शिवणीचा खर्च उमेदवाराच्या माथी.

रंगाचेही पाहून घ्यावे. प्राडा या तिथल्या फॅशन कंपनीच्या रॅम्पवर १९९७ साली नाओमी कँपबेल चालली; तिच्यानंतरची कृष्णवर्णीय मॉडेल, जॉर्डन डन, तिथे दिसली ती २००८ मध्ये. इतकी वर्षे दारात उभे राहण्याची तयारी नसेल, तर दुसरा मार्ग आहे.

चप्पल व्हावे.

चपलेला वय विचारत नाहीत, तिची कंबर मोजत नाहीत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे वापरून गडद झाले की अधिक देखणे म्हणतात. हा नियम अंगावरच्या कातडीला लागू नाही. कान नीट बसलेले असावेत, वेणी घट्ट असावी. करकर मात्र गावीच ठेवावी, रॅम्पवर संगीत चालू असते. जून २०२५ मध्ये प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये याच कोल्हापुरी घाटाच्या पायताणाला प्रवेश मिळाला.

गावाचे नाव दाराबाहेर काढून ठेवावे. तिथे ओळख ‘लेदर सँडल’ एवढीच झाली. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आत जाताना कोणी मागत नाही. ते नंतर बोंब ठोकायला उपयोगी पडते. ती मात्र जोरात ठोकावी. ठोकली, तेव्हा कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, जुलैत तिची माणसे कोल्हापुरात आली आणि डिसेंबरात लिडकॉम व लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : २००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा आकडा उभ्या-उभ्या सांगू नये.

राहिला चप्पल करणारा. दारात अडवण्याची कला मिलानने शोधलेली नाही. चामड्याला हात लावणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवून त्याचीच चप्पल घालून मिरवणे इथेही पिढ्यान्‌पिढ्या चालले. आता करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, इटलीतल्या प्राडा अकादमीत जाण्याची संधीही. अर्ज जरूर करावा. तिथे कोण कोणाला शिकवणार, एवढे मात्र अर्जात विचारू नये.