आवाज तर आला ना?

धबधब्याला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘उंची किती?’ असा नसतो. ‘गाडी कुठपर्यंत जाते?’ असा असतो. दुसरा प्रश्न ‘चालावं किती लागतं?’ आणि तिसरा ‘तिथे भजी मिळतात ना?’ तिन्ही उत्तरं मनासारखी आली की मगच निसर्गाची ओढ लागते.

लिंगमळा या परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास होतो. महाबळेश्वरच्या बाजारातून पुण्याच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर, मग आत वळलं की गाडीतळ, तिकीट, कणसांच्या गाड्या आणि जंगलातून बांधून काढलेली पायवाट. धाकटा आणि थोरला असे दोन धबधबे बघून रमतगमत परत यायला तासभर. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडते त्या दिवशी याहून जास्त चढउतार होतो.

तरी साडूभाऊ जय्यत तयारीनिशी आले होते. पायात सहा हजारांचे बूट, हातात दोन काठ्या आणि पाठीवर अशी सॅक, जिच्यातून एक नळी थेट तोंडाशी येते आणि माणूस चालता चालता पाणी ओढत राहतो. जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गावातली माणसं पावसाआधी घरांना गवताच्या झड्या बांधून घेतात, तिथे भर ऑगस्टमध्ये हे गृहस्थ पाणी पाठीवर घेऊन आले होते!

वाट मोठी देखणी. जांभूळ, हिरडा, अंजनी. वाऱ्याच्या माराने खुजी राहिलेली, वाकडीतिकडी झाडं. खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे, म्हणजे झाडाच्या अंगावर दुसरं रान. हे सगळं आम्ही अकरा मिनिटांत पार केलं. साडूभाऊंच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत होतं आणि त्यांचे चिरंजीव रेंज शोधत होते. मध्येच झाडीतून कुणीतरी निवांत, लांबलचक शीळ घातली. साडूभाऊ ताठ झाले. ‘कोण रे तो? बायामाणसं आहेत बरोबर!’ तो शीळकरी कस्तुर होता. ओढ्याकाठी राहणारा काळा-निळा पक्षी. पावसाळ्यात तो अगदी रिकामटेकड्या पोरासारखी शीळ घालतो. मी सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. परत येईपर्यंत ते झाडीकडे रोखून बघत होते.

आणि मग आला थोरला धबधबा. म्हणजे कठडा आला. कठड्यापुढे पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, डावीउजवीकडे पांढरं. वेण्णा नदी इथून पाचशे-सहाशे फूट खाली झेपावते म्हणतात; झेपावतही असेल. दिसत मात्र काहीच नव्हतं. नुसता घनगंभीर आवाज. शंभरेक माणसं त्या धुक्याकडे पाठ करून हसत फोटो काढून घेत होती. असाच फोटो आमच्या बैठकीच्या भिंतीपुढेही निघाला असता, नुकताच रंग दिलाय.

इतक्यात चिरंजीवांना रेंज मिळाली. त्यांनी काय केलं असेल? याच धबधब्याचा ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ लावला. आम्ही सगळे त्या पाच इंची पडद्याभोवती गोळा झालो. खरा धबधबा कानाशी गर्जत होता आणि आमच्या ताई म्हणाल्या, ‘अरे, आवाज वाढव जरा!’

धुक्याची मला अजिबात तक्रार नाही. पावसात इथे पाणी असतं, पण ते दिसत नाही. मे महिन्यात लख्ख दिसतं, पण बघायला जेमतेम एक धार उरते. पर्यटकाला मे सोयीचा आणि नदीला ऑगस्ट. इंग्रजांनी तरी कुठे विचारलं होतं या जागेला काय हवंय ते! एकोणिसाव्या शतकात त्यांनी लिंगमळ्याला क्विनीनसाठी सिंकोनाची लागवड करून पाहिली. प्रयोग फसला.

परतताना साडूभाऊंनी धाकट्या धबधब्याकडे मोर्चा वळवला. ‘नुसते पाय भिजवू.’ पाण्याला जोर होता, तिथल्या माणसाने शिट्टी वाजवून अडवलं. (ही शिट्टी खरी होती, पण साडूभाऊंनी ती पक्ष्याची समजून दुर्लक्ष केलं.) मग हुज्जत. ‘घोटाभर तर पाणी आहे!’ लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यातही लोक असेच मजेत उभे होते. रविवार होता, ३० जून २०२४. पाणी अचानक वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण गेले. चार लहान मुलं त्यात. मी एवढंच म्हणालो, साडूभाऊ गप्प झाले.

सरकारकडे यावर एकच औषध, बंदी. दूधसागरला २०२३च्या जुलैत तर रुळांवरून चालत निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. शाळा सुटली तरी छडी सुटत नाही! पण फलक लावून, उठाबशा काढायला लावून जे कुणी शिकवत नाही, ते कणीस भाजणाऱ्या मावशींनी निखारे फुंकता फुंकता सांगितलं. ‘पानी गढूळ झालं, पालापाचोळा यायला लागला, की उठायचं. हितं ऊन असलं तरी उठायचं. वर पडतोय पाऊस.’ ही तीन वाक्यं प्रत्येक तिकिटाच्या मागे छापावीत. जागा आहे, सध्या तिथे काहीच नसतं.

साडूभाऊंना मात्र वेगळीच खंत होती. तिकीट काढलं आणि धबधबा दिसला नाही. त्यांनी ती मावशींपुढेच मांडली, ‘पैसे फुकट गेले की हो!’

मावशींनी कणसाला लिंबू-मीठ चोळलं, त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, ‘आवाज तर आला ना?’

साडूभाऊंनी नळी तोंडात घेतली आणि पाणी ओढलं.

तुम्हाला जायचंच असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात जा. पाणी असतं, धुकं बहुधा नसतं आणि आमचे साडूभाऊ तेव्हा दिवाळीच्या खरेदीत असतात.